एका हाताचा नमस्कार

मामांनी मला पहिल्यांदा मारलं ते साबुदाण्याच्या खिचडीपायी.

डोळ्यांवर जाड पट्टी, तोंडात रबरी नळी, डाव्या हातात बोटाएवढी दोरी, अशी मी त्यांच्या अंगणात चालत होते. दोरी घराच्या चौकटीला बांधलेली होती. तिथून ती गोठ्याला वळसा घालून, लिंबाखालून, थेट खाणीच्या काठापर्यंत जायची. दोरी धरून जायचं आणि दोरी धरून परत यायचं, एवढंच काम. ह्यात काय एवढं अवघड, असं मनात म्हणतेय तोवर मावशींचा मायेचा आवाज आला, "बाई, आज उपास आसंल न्हवं? घ्या, गरम हाय." डोळ्यांवर पट्टी, तोंडात नळी, तरी माझे दोन्ही हात पुढे झाले. एका हाताने बशी घेतलेली आमच्या आईला कधी खपली नाही. बशीची ऊब हाताला लागली आणि अगदी कानाशी मामा ओरडले, "मेलीस!"

मी दचकून बशी पाडली.

"मेलीस तू, बाई. जा, पट्टी काढ, च्या पी आन परत जित्ती हो."

मामा म्हणजे माझे कुणी सख्खे मामा नव्हेत. होटगीच्या पुढे एक जुनी दगडखाण आहे, तिच्या काठावर ते आणि त्यांची बायको, म्हणजे मावशी, राहायचे. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली कसं उतरायचं, हे ते शिकवत. सोलापूर जिल्ह्यात हे शिकवणारा माणूस असेल यावर कुणाचा विश्वास बसत नाही, माझाही बसला नव्हता. आम्ही नवरा-बायको एकदा तारकर्लीला गेलो होतो. तिथे एका पोराने मानगूट धरून आम्हाला समुद्रात घटकाभर फिरवून आणलं. तेवढ्यावर माझ्या नवऱ्याला असं वेड लागलं की घरी आल्यावर तो आंघोळीच्या बादलीत तोंड घालून बसायला लागला. मी शाळेत भूगोल शिकवते, तो बँकेत आहे, आणि दोघांच्याही घराण्यात विहिरीच्या पलीकडे कुणी पोहलेलं नाही. पण त्याने कुठून तरी मामांचा पत्ता काढला आणि एका रविवारी आम्ही जाऊन धडकलो.

त्या खाणीतून एके काळी रेल्वेच्या रुळांखालची खडी निघायची. खोल खणता खणता झरे फुटले. पंपांनी हात टेकले आणि मालकाने जे जिथे होतं ते तिथेच सोडून काम गुंडाळलं. पाणी चढत गेलं. पाण्याखाली क्रशरचा लोखंडी सांगाडा तसाच उभा आहे, खडी वाहून नेणारा लांबलचक पट्टा आहे, वेड्या बाभळींचं वाळलेलं रान आहे. वरून बघाल तर हिरवंगार, निवांत पाणी. मला मात्र पहिल्या दिवसापासून त्याची भीती वाटली, आणि ती भीती कधीच गेली नाही.

मामा मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातले. लहानपणी गुडघ्याच्या वर पाणी पाहिलेलं नाही, असं ते स्वतःच सांगत. तरणेपणी मुंबईला पळाले आणि गोदीत जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायच्या कामाला लागले. तिथून पाण्याखाली लोखंड जोडायचं, वेल्डिंगचं काम शिकले, मग धरणांच्या दारांची कामं केली. म्हातारपण दिसू लागलं तसे टाक्या आणि हवा भरायचं यंत्र घेऊन बायकोच्या मुलखात आले. बुटका माणूस, मान जाड, एका कानाने कमी ऐकू यायचं म्हणून बोलणं सगळं ओरडून. पाण्यातून वर आले की भर मे महिन्यातसुद्धा घोंगडी पांघरून कच्चा कांदा खात बसायचे. मावशी अक्कलकोटकडच्या, त्यांच्या बोलण्यात मध्येच कानडी यायचं. मामा फार ओरडायला लागले की त्या स्वयंपाकघरातून "साकु री, साकु!" म्हणायच्या, म्हणजे पुरे हो, पुरे, आणि तेवढं मात्र त्या अधू कानालाही ऐकू जायचं.

गावात मामांची ख्याती वेगळीच होती. हा माणूस कुणाला हात जोडत नाही. लग्नाच्या मांडवात ते एका हाताने खांब धरून उभे राहत आणि दुसऱ्या हाताने अक्षता टाकत. मतं मागायला पुढारी हात जोडून दारात आले तरी हे चौकटीला धरून एक पंजा वर करायचे, "बरं हाय का." देवळात गेले तर घंटेची साखळी धरून उभे. कुणी म्हणे गर्विष्ठ आहे, कुणी म्हणे देव न मानणारा आहे. मी एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, "बाई, डोस्क्याला शिकवाय येतं. हात लई भाबडा आस्तोय. वर जे करतोय त्येच खाली करतोय. म्हून मी वरच सवय ठिवली न्हाय."

हे समजायला मला त्या खाणीत काय आहे ते कळावं लागलं. खाणीत गणपती आहेत. आसपासच्या गावांच्या आणि शहराच्या ह्या अंगाच्या मंडळांनी वर्षानुवर्षं विसर्जन तिथेच केलं. मातीची मूर्ती विरघळून जाते. प्लास्टरची जात नाही. खाणीच्या दगडी टप्प्यांवर ते सगळे बसून आहेत. रंग गेलेले, कुणाचा हात गेलेला, कुणाच्या गळ्यात मूर्ती खाली सोडायचे नायलॉनचे दोर तसेच अडकलेले. आता तिथे विसर्जनाला बंदी आहे, पण आधीचे आहेत ते आहेतच. हे सगळं अंधुक हिरव्या पाण्यात अचानक समोर येतं तेव्हा माणसाचं काय होतं, ते मी शब्दात सांगू शकत नाही. हात उठतात, एवढं खरं.

आणि दोरी सुटते. खालचा गाळ पिठासारखा बारीक आहे. कुणाचा पाय घासला की तो असा उठतो की स्वतःचा हात दिसत नाही. वर जावं तर डोक्यावर तो लोखंडी पट्टा आणि बाभळींचे काटे. बाहेर आणणारी एकच वस्तू, मामांनी काठापासून तळापर्यंत बांधत नेलेली दोरी. आम्ही एकदा म्हटलं, आमच्या कमरेला बांधूनच टाका ना दोरी. ते म्हणाले, "बांधल्याला माणूस घाबरला की सगळ्यांस्नी घिऊन जातोय. दोरी धरायची आसती, बांधायची न्हाय." तेव्हा कायदा एकच होता. पाण्याखाली हात जोडायचे नाहीत.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगते. माझा नवरा भाविक आहे. साधासुधा नाही. स्कूटर चालवताना रस्त्यात देऊळ आलं की इतर लोक एक हात छातीला लावतात, हा दोन्ही हात सोडून नमस्कार करतो. चालत्या गाडीवर. मी मागे बसून त्याच्या पोटाला चिमटे काढले, शिव्या घातल्या, माहेरी जाण्याची धमकी दिली. तो म्हणतो, "अगं, तो बघतो ना." कोण बघतो, समोरचा ट्रकवाला? पहिल्या रविवारी आम्ही खाणीवर पोचलो तेव्हा वाटेतल्या मारुतीपाशी त्याने हाच प्रकार केला, आणि मामा नेमके चढावर उभे राहून पाहत होते. आम्ही गाडी लावायच्या आत त्यांनी निकाल देऊन टाकला, "बाईला शिकवतो. पावन्यांस्नी न्हाय. ह्यो मरतोय."

नवऱ्याने हट्ट सोडला नाही. प्रत्येक रविवारी माझ्याबरोबर यायचा, मी पाण्यात उतरले की काठावर बसून राहायचा, मामांच्या टाक्या पुसायचा, मावशींना भाकरीचं पीठ दळून आणून द्यायचा. शेवटी मामा वैतागले आणि त्यालाही पट्टी बांधून अंगणातल्या दोरीवर सोडलं. त्यानंतर सुरू झालं ते मरणसत्र. मावशींनी पेढा दिला, दोन्ही हात पुढे, "मेलास!" तीर्थाची पळी, "मेलास!" एकदा मामांनी नुसती घंटा वाजवली. हा दोरी सोडून जागच्या जागी नमस्काराला वाकला. "मेलास! आन वर वाकून मेलास!" मी हसून हसून लिंबाला टेकले. तो मात्र हसत नव्हता. त्याला खरंच यायचं होतं.

हळूहळू त्याचा हात दोरीला बसला. आरतीचं ताट पुढे आलं तरी तो एका हाताने आरती घेऊन कपाळाला लावायला शिकला. मावशींना ते बघवायचं नाही, "देवाला एक हात व्हय रे?" असं त्या पुटपुटायच्या. मामा खूश होते. मग त्यांनी त्याला वरच्या वर, उथळ पाण्यात नेलं, मग थोडं खाली. आणि पावसाळा सरल्यावर त्यांनी ठरवलं की आता पुढच्या रविवारी तिघांनी तळाच्या टप्प्यापर्यंत जायचं.

त्या सकाळी नवरा टाक्या उतरवत होता. मामांनी मला बाजूला घेतलं. "बाई, खरं सांग. ह्यो गाडीवर आजून हात सोडतोय?"

"सोडतो."

"कवा सोडला शेवटचा?"

"आत्ता. येताना. मारुतीपाशी."

मामा बराच वेळ कांदा चावत राहिले. "मग नको मामा," मी म्हटलं, "आज त्याला काठावर बसू द्या." त्यांनी मान हलवली. "गाडीवर माजी दोरी नसती. माज्या दोरीवरनं त्येचा हात सुटायचा न्हाय. मी शिकवलाय त्येला." त्यांच्या आवाजात असा अभिमान होता की मी माझी टाकी पाठीवर चढवली. 

पुढे मामा, मध्ये नवरा, मागे मी. तिघांचेही डावे हात दोरीवर. ही खालची दोरी भलतीच वाकडीतिकडी होती, उगाचच वळणं घेत जायची. आम्ही त्यावरून मामांची थट्टाही करायचो. "मला सरळ बांधाय येत न्हाय," एवढंच ते म्हणायचे. पहिल्या टप्प्यापर्यंत पाणी हिरवं होतं, उजेड होता, नवऱ्याच्या टाकीवरचा पिवळा पट्टा मला दिसत होता. दुसऱ्या टप्प्यावर पाणी गार झालं आणि रंग तपकिरी झाला. मला माझा श्वास ऐकू येत होता. आत घेताना शिट्टीसारखा, सोडताना बुडबुड्यांचा. खडीच्या पट्ट्याचं लोखंड डोक्यावरून सरकत गेलं. मी वर पाहायचं नाही असं ठरवलं.

पावसाळ्यात वरच्या टप्प्यावरचा गाळ घसरला होता आणि त्याबरोबर एक मूर्ती घसरून थेट दोरीच्या वाटेवर येऊन बसली होती. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. मामांना ती दिसली. त्यांनी मागे वळून दिव्याने इशारा केला, बाजूने या. नवऱ्याने पायातला लांब पंख हलवला आणि तो बरोबर मूर्तीच्या मुकुटावर बसला. गाळ निघून खालून पांढरा मुकुट उघडा पडला. त्याच्या खाली ते मोठे कान, आणि एक डोळा अजून रंगवलेला.

देवाच्या डोक्याला पाय लागला. मी मागून पाहिलं, माझ्या नवऱ्याचा डावा हात दोरीवरून उचलला गेला. सावकाश, अगदी आपोआप. दोन्ही हात छातीशी आले. मी तोंडात नळी असताना किंचाळले, त्याचे फक्त बुडबुडे झाले. तो नमस्काराला पुढे वाकला, तोल गेला, पाय गाळात घुसले, आणि मग काहीही दिसेनासं झालं.

त्यानंतर जे काळं झालं त्याला मी अंधार म्हणणार नाही. अंधारात निदान डोळे उघडे आहेत एवढं तरी कळतं. इथे मनगटावरचा दिवा चष्म्याच्या काचेला लावला तरी नुसता मातकट ठिपका. मी उजवा हात पुढे करून चाचपत राहिले. तो नव्हता. दोरीवर पुढे सरकले. तो नव्हता. दोरी सोडावी, आत्ता सोडावी, इथेच कुठेतरी हाताच्या अंतरावर असेल, असं सगळं अंग ओरडून सांगत होतं. बोटं उचललीसुद्धा. तेवढ्यात कुणीतरी माझा हात दोरीवर दाबून धरला, असा की बोटांची हाडं दुखली. मामा होते.

त्यांनी माझ्या उजव्या हातात एक बारीक दोरा दिला. त्यांच्या कमरेला रिळावर गुंडाळलेला असायचा तो. त्यांनी माझी मूठ त्यावर वळवली आणि एकदा घट्ट दाबली. मग ते गेले. दोरा माझ्या मुठीतून सरकायला लागला.

आता माझ्या डाव्या हातात बाहेर जायची वाट होती आणि उजव्या हातात मामा होते. मामांच्या पलीकडे कुठेतरी माझा नवरा होता, त्याच्या पाठीवर उरलेल्या हवेनिशी. ह्यातलं काहीही सुटलं तर सगळंच सुटणार होतं. मी देवाचं नाव घेतलं की नाही, आठवत नाही. मला फक्त अंगणातली दोरी आठवत होती, आणि पट्टी, आणि कानाशी येणारा तो शब्द. तो आता खरा व्हायला निघाला होता.

तेवढ्यात डोळे आणि नाक झाकणाऱ्या माझ्या चष्म्यात पाणी शिरायला लागलं. थेंब थेंब आधी, मग नाकापर्यंत. ते काढायची रीत साधी आहे, चष्मा वरून एका हाताने दाबायचा आणि नाकाने हवा सोडायची. एका हाताने. माझ्याकडे एकही हात मोकळा नव्हता. पाणी डोळ्यांपर्यंत आलं, नाकात चढलं, ठसका लागला. पाण्याखाली ठसका म्हणजे काय ते ज्याला लागला त्यालाच माहीत. ह्या बाईने ह्याच घटकेला हात सोडू नये म्हणूनच मामांनी मावशींकडून ती खिचडी पुढे करवली होती, असं मला वाटलं आणि त्या भयानक जागी मला त्यांचा रागही आला. मग मी दोरी धरलेल्या मनगटावरच कपाळ दाबलं, चष्म्याची वरची कड मनगटाने रेटली आणि नाकाने जोरात फुंकलं. अर्धं पाणी गेलं. पुन्हा फुंकलं. आता निदान जळजळ तरी माझ्या काबूत आली.

दोरा एका बाजूला सरकत होता, मग दुसऱ्या. मामा अर्धवर्तुळात शोधत होते. मग तो थांबला. तो थांबलेलाच राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, तेवढ्या वेळात वर्गात शिकवलेला प्रत्येक धडा संपवून झाला असता असं वाटलं. मी दोरा ओढून बघावा का? ओढला आणि त्यांच्या हातून काही निसटलं तर? मी ओढला नाही. नुसती धरून राहिले आणि रडत राहिले. चष्म्यात पुन्हा पाणी भरलं, ते खाणीचं की माझं कुणास ठाऊक.

आणि मग दोऱ्याला हिसका बसला. पुन्हा बसला. दोरा सैल होत माझ्याकडे यायला लागला आणि त्याच्यामागून एक मोठा, जड, ओळखीचा खांदा माझ्यावर आदळला. मामांनी आपली जादा नळी त्याच्या तोंडात घातलेली होती. त्यांनी त्याचा डावा हात घेतला आणि माझ्या हाताशेजारी दोरीवर ठेवला. मी माझी बोटं त्याच्या बोटांवर दाबली. तशीच दाबून धरून आम्ही वर आलो. खोलातून एकदम वर यायचं नसतं, म्हणून वरच्या टप्प्यावर थांबावं लागतं तेवढं थांबलो. उन्हात डोकं बाहेर काढलं तेव्हा काठावर मावशी दोन्ही हात तोंडावर धरून उभ्या होत्या.

काठावर मी नवऱ्याला आधी मारलं, मग मिठी मारली, मग पुन्हा मारलं. तो पांढरा फटक पडला होता. त्याच्या टाकीवर आणि खांद्यावर नायलॉनच्या दोराचे कापलेले तुकडे लोंबत होते. घोंगडी घेऊन मामा दगडावर बसले होते. कांदा हातात होता, खात नव्हते. 

नवरा त्यांच्यासमोर जाऊन बसला. "मामा, चुकलो. म्हणा की."

मामांनी हातातला कांदा दगडावर ठेवला.

"मामा, म्हणा की मेलास. शंभर वेळा म्हणा."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग उठले, अंगणातली दोरी धरली आणि तिच्यावरून हात सरकवत गोठ्यात गेले. आम्ही निघालो तरी बाहेर आले नाहीत.

त्यानंतर शिकवणी बंद. फोन उचलेनात. काही दिवसांनी मावशींचाच फोन आला. "ह्ये गोठ्यातच बसत्यात हो. ऊट, जेवान, करीनात नीट. तुमी या." मग त्यांनी काही गोष्टी सांगितल्या. मामा शोधत पोचले तेव्हा माझा नवरा मूर्तीच्या दोरांत गुंतला होता. आधी त्याने झटापट केली असावी, पण मामांच्या हाताला तो लागला तेव्हा गुडघ्यांवर बसून, हात जोडून, अगदी शांत होता. झटत राहिला असता तर हवा कधीच संपली असती. "त्येच त्येंच्या डोस्क्यात बसलंय," मावशी म्हणाल्या. "म्हणत्यात, ज्या हातानं बुडवलं त्या हातानंच वाचवलं, आता म्या काय शिकवू?" आणि दोरी वाकडी का, तेही मावशींनीच सांगितलं. मामांनी ती बांधताना प्रत्येक मूर्तीला वळसा घातला होता. कुणाचा पाय लागू नये म्हणून. लागला की हात जोडले जाणार, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

आम्ही गेलो. नवऱ्याची पाण्याची आवड पार आटली होती, तो झोपेत दचकायचा. मामा वाळलेले दिसले.  मग मामाच म्हणाले, आणि त्या दिवशी ते हळू बोलले, "पावनं, चूक तुजी न्हाय. बाई म्हणली हुती, मी ऐकलं न्हाय. हाताला नुसतं न्हाय म्हणून भागत न्हाय. त्येला कायतरी काम द्याय पायजे. एकदा चल माज्यासंगं. फकस्त एकदा. न्हाय तर तू बी पाण्याला भिऊन मरशील आन मी बी."

माझा जीव नको म्हणत होता. पण नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, मी मागे असेन.

पुन्हा तीच वाट. मामांनी मधल्या दिवसांत दोर कापून बाजूला केले होते आणि त्या घसरलेल्या मूर्तीलाही दोरीचा नवा वळसा घातला होता. मूर्ती हलवली नव्हती. पाणी आज निवळ होतं. तो एक रंगवलेला डोळा लांबूनच दिसला. नवरा थांबला. त्याचे बुडबुडे भराभर यायला लागले. मी त्याचा डावा हात बघत होते, दुसरं काही बघतच नव्हते. त्याची बोटं उचलली जाणार, आता उचलली जाणार.

मामा मागे फिरून त्याच्या डाव्या अंगाला आले. दोरी दोघांच्या मध्ये. त्यांनी आपल्या उजव्या हाताने दोरी धरली, त्याच्या डाव्या हाताला लागून. आणि आपला मोकळा डावा पंजा उभा करून दोघांच्या मध्ये, छातीच्या उंचीवर धरला. नुसता धरून राहिले. नवऱ्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा उजवा हात वर आला आणि मामांच्या पंजाला जाऊन टेकला, तळव्याला तळवा, बोटाला बोट. दोन माणसांचा मिळून एक नमस्कार. दोघांचेही दुसरे हात दोरीवर घट्ट. गणपती समोर बसलेला. त्याने तो स्वीकारला असणार, मी स्वीकारला असता. बुडबुडे हळू झाले.

वर आल्यावर मामांनी आख्खा कांदा खाल्ला. पुढे शिकवणी पुन्हा सुरू झाली, नवी पोरंही आली, पण अंगणात कुणाला पट्टी बांधली तरी तो शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. पोरं दोरी सोडायची आणि मामा नुसते म्हणायचे, "सुटली बग." आम्हाला ते चुकल्यासारखं वाटायचं. मावशी म्हणायच्या, "त्येंच्या जिवाला लागलंय, न्हाय येनार आता."

मागच्या वर्षी मामांचा दुसरा कानही गेला आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरायला साफ मनाई केली. खाणीला आता मालकाने तारेचं कुंपण घातलंय. परवा त्यांना कान तपासायला सोलापुरात आणायचं होतं. नवऱ्याने त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि मी माझ्या गाडीवर मागून येत होते. मामा स्कूटरच्या मागच्या दांडीला उजव्या हाताने धरून, जगावर रुसल्यासारखे बसले होते. इतका लहान झालेला तो माणूस बघून मला भरून येत होतं.

मारुतीचं देऊळ आलं. माझा नवरा आता दोन्ही हात सोडत नाही. एक हात हँडलवर ठेवतो आणि दुसरा, तळवा उघडा करून, खांद्यावरून मागे करतो. मागे मी असते, मी माझा तळवा त्याला लावते. ही आमची रोजची सवय झाली आहे. त्या दिवशीही त्याने सवयीने हात मागे केला. मागे मी नव्हते, मामा होते. त्यांनी त्या हाताकडे क्षणभर पाहिलं. दांडी सोडली नाही. डावा पंजा उचलला आणि नवऱ्याच्या तळव्याला टेकवला. वरच्या जगात, उन्हात, देवासमोर. नवरा त्या स्पर्शाने इतका हरखला की त्याने मान वळवून मागे पाहिलं, आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर भोंगा वाजवत आला.

"म्होरं बग की!" मामा अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले. "मेलास!"

मी गाडी कडेला घेतली आणि हेल्मेटच्या आत पोटभर रडले.